नातीची सर्व्हिस

तीर्थरूप वन्संना (वयाने धाकट्या, पण मानाने थोरल्या, आणि तो मान तुम्ही मला एक दिवस विसरू दिला नाहीत) वहिनीचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा उजवा खांदा धरलाय असं कळलं. बोलताना हात उडवायची सवय कमी केलीत तर उतार पडेल.

नातीचं विचारलं होतंत म्हणून लिहिते. मुलगा-सून परगावी, त्यामुळे ती माझ्याकडेच शिकायला होती. ती टेनिस खेळते (मध्ये जाळी बांधून चेंडू एकमेकींच्या गळ्यात घालायचा, तुमचा-माझा खेळ होता तसाच, फक्त यात चेंडू दिसतो). तिचे मास्तर म्हणाले, हिचं बाकी चांगलं आहे, सर्व्हिस तेवढी कच्ची. मला वाटलं, पोरीला कुठे चिकटवतायत. मी खालच्या शिंपिणीला सांगून मोकळी झाले की नातीला सर्व्हिस लागतेय. संध्याकाळपर्यंत जिन्यात जो तो पगार विचारू लागला. मग नातीने कपाळावर हात मारून सांगितलं की पहिला चेंडू वर उडवून मारतात त्याला सर्व्हिस म्हणतात आणि तिला पगार नसतो. (म्हणजे मी या घरात केली ती.)

ही सर्व्हिस हाताने होत नाही म्हणे. पायातून उठते, कमरेतून फिरते आणि खांद्यातून सुटते. त्यासाठी मास्तरांनी व्यायाम दिले. वाळू भरलेला जड चेंडू भिंतीवर आपटायचा, तर पलीकडचे दाताचे डॉक्टर सांगत आले की दर ठोक्याला खुर्चीतला माणूस तोंड मिटतो. मग आला रबरी पट्टा. एक टोक न्हाणीघराच्या दाराच्या मुठीला बांधायचं आणि दुसरं, दाराकडे पाठ करून, खांद्यावरून पुढे ओढायचं. मी आत आहे हे ती विसरली आणि ती बाहेर आहे हे मी. मी आतली कडी काढली तसं दार सुटलं. पोर चपलांच्या मांडणीवर, आणि मूठ धरलेली मी तिच्या मागोमाग, टॉवेलासकट.

तेव्हापासून दाराच्या जागी मी. खुर्चीत बसून टोक मनगटाला गुंडाळायचं आणि तिने कितीही ओढलं तरी जागचं हलायचं नाही. हे मला शिकवावं लागलं नाही. तोंड मात्र चालू असायचं, तिचे आकडे चुकायचे, ती चिडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. सर्व्हिस सुधारली. इतकी, की मोठ्या ठिकाणी निवड झाली आणि ती तिकडे वसतिगृहात राहायला गेली. मग एकदा फोनवर म्हणाली, आजी, इथे पट्टा लोखंडी खांबाला बांधतात. खांब बरा, बोलत नाही. मी म्हटलं, मग खांबालाच फोन करत जा. (तेव्हापासून फोन नाही. व्यायाम फार असेल.)

आता घर नीट आहे. चपला मांडणीत असतात. दाताचे डॉक्टर जिन्यात हसतात.

तुमची,
वहिनी

ता. क. वर 'आम्ही सगळे' लिहिलं ते सवयीने. सगळे म्हणजे मी.

आणखी एक. पट्टा पोर इथेच विसरली, मुठीला लोंबतोय. धरलेल्या खांद्याला तो चांगला, असं मास्तरच म्हणत होते. तुम्ही इकडे राहायला या. तुम्ही ओढा, मी टोक धरते. गप्प बसेन असं मात्र कबूल करत नाही.

शेवटचं. खांदा बरा झाला असला तर कळवू नका. या.