अट घालायची लाज

सर, तुमी दिलेल्या कॉम्प्युटरवर मी अजून काम करते. विंझरला आमच्या बचत गटात त्याच्यावर इंद्रायणी तांदळाच्या पिशव्यांची लेबलं काढायचे. तुमी गेलात त्याला चार वरसं झाली. आज तुमच्यापाशी बोलायला बसलेय, कारण दुसऱ्या कुणाला यातलं कळत न्हाई, आन राग तर लई आलाय.

लेबलाचा प्रिंटर या कॉम्प्युटरवर चालतच नव्हता. प्रिंटरला कॉम्प्युटरचं म्हणणं कळावं म्हणून ड्रायव्हर लागतो, तो कंपनीनं फक्त विंडोजसाठी केलेला, आन तुमी तर यावर विंडोज घातलंच नव्हतं, आन आत काय लिहिलंय ते कुणाला दाखवत न्हाईत. मग म्या प्रिंटरला धाडायचा एक एक आकडा बदलून कागदावर काय उमटतंय ते बघत बसले. रोल संपायचे तशा अध्यक्षीण काकू वरडायच्या, "तांदूळ विकायचाय का कागद गं?" शेवटी चालला. 'इंद्रायणी'तला 'द्रा'सुदिक नीट आला. म्या हा माझा ड्रायव्हरचा प्रोग्राम नेटवर टाकला. टाकताना लायसन निवडायचं असतं, म्हंजे घेणाऱ्यानं काय पाळायचं ते. म्या सगळ्यात सोपं निवडलं. कुणीबी घ्या, कायबी करा.

कंपनीनं घेतला. नव्या प्रिंटरच्या ड्रायव्हरात घातला आन वरनं कुलूप. आमचा जुना प्रिंटर बंद पडला, त्यांचाच नवा आणला, तर तो तुमच्या कॉम्प्युटरवर मुका! कंपनीत फोन केला. साहेब म्हणाले, "ताई, विंडोज घ्या ना." म्या म्हणलं, आतलं उघडा की, माझंबी हाय त्यात. ते हसले. "तुम्हीच लिहिलंय ना, काहीही करा म्हणून?"

तवा मला शाळेतली ती कॉम्प्युटरची खोली आठवली. खिळ्याला टांगलेली वही. दुसऱ्याचा प्रोग्राम घेतला की काय बदललं ते वहीत लिहायचं, आन देणाऱ्यानं ते लिहून घ्यायचं. मी नववीत. एका पोरानं माझा प्रोग्राम घेतला, सुधारला, आन दाखवंना. मी रडत आले तर तुमी मलाच झापताय. "लिही म्हणालीस का त्याला?" "न्हाई सर." "का?" "लाज वाटली." "मग बस लाजत!" सगळी पोरं हसतायत, आन मी पायाच्या अंगठ्याकडं बघतेय. तुमी त्याची बाजू घेतली असंच मला लई दिवस वाटलं.

आता कंपनीला परत माझी गरज पडलीय. बारीक अक्षरात जोडाक्षरं फुटायची, ते म्या जुन्या प्रिंटरवरच सुधारून ठेवलेलं. मार्गासनीपासनं कामथडीपर्यंत समदे गट तसलीच लेबलं मागतायत. पण ह्या वेळी लायसन दुसरं निवडलं. घ्या, पण ज्यात घालाल ते समदं उघडं ठेवा. म्हंजे त्यांचा ड्रायव्हरबी. साहेबांचाच फोन आला. "एवढी अट काढा ताई, नवा विंडोजवाला कॉम्प्युटर पाठवतो."

काकू शेजारीच पेनानं पिशव्यांवर नाव लिहीत व्हत्या. बोटं निळी झालेली. "काढ की! आपल्याला काय करायचंय त्यांच्या पोटातलं?"

"ह्यो प्रिंटर बंद पडल्यावर परत तेच हुईल, काकू."

"तवाचं तवा बघू! आज माझा हात मोडतोय त्याचं काय?"

तरी म्हणलं, "अट ऱ्हाईल, साहेब." ते म्हणाले, "मग राहू द्या," आन फोन ठेवला. कायबी उघडलं न्हाई. काकू बोलत न्हाईत. मीबी पेन घेऊन बसते. अक्षर माझं वाईट, तुमाला ठाऊकच हाय.

ही चिठ्ठी कुठं पाठवणार? एक ऱ्हायलंय तेवढं सांगते. म्या शाळा सोडल्यावर तुमी मला परत न्यायला घरी आलता, तवा आई म्हणाली रानात गेलीया. तसं म्याच सांगायला लावलं व्हतं. मी दाराच्या मागं व्हते, सर. तुमी पाणी पिऊन उठेपर्यंत तितंच हुबी व्हते. "मी हाय" एवढंच म्हणायचं व्हतं.