काकांची मोठी अक्षरे

गुरुवार, संध्याकाळ

काल लिहिले की वाणगावचे काका घरच्या ग्रुपवर माझ्यावर ओरडले. ते चूक होते. 'चिकू न्यायला कधी येतेस' एवढेच त्यांनी विचारले होते, फक्त सगळे इंग्रजी कॅपिटलमध्ये. चॅटवर कॅपिटल म्हणजे ओरडणे, म्हणून मी सगळ्यांदेखत लिहिले, 'ओरडू नका.' तेव्हापासून ते गप्प आहेत.

आज आई म्हणाली, "अगं, त्यांना बारकी एबीसीडी येते कुठे? चिकूच्या पेट्यांवर नावं रंगवूनच शिकले ना ते."

त्याच पेट्यांवर बोट धरून त्यांनी मला पहिली अक्षरे शिकवली. हे मी विसरले कशी? आणि माझे उत्तर बारक्या इंग्रजी अक्षरांत होते. म्हणजे ते त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतले असणार.

माफी कॅपिटलमध्ये लिहावी का? नको. रविवारी सकाळी वाणगावला जाऊन समोरच मागेन.