दुसरी गोळी

७ एप्रिल १९९३
आज पुन्हा! ऑफिसात साहेबांसमोर फाईल धरून उभी, आणि मानेपासून कानांपर्यंत वाफ. साहेब म्हणाले, "मॅडम, बरं नाही का?" काय सांगणार — पाळी गेली, आता अंग भाजतंय? झोप तर नाहीच. घरात सगळ्यांवर खेकसते.

१२ एप्रिल
नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. हार्मोनच्या गोळ्या घ्या म्हणाल्या. घाम थांबेल, झोप लागेल, हाडं टिकतील. हाडं म्हटल्यावर आई आठवली. मोरीत घसरली, खुबा मोडला, परत उठलीच नाही.

मी विचारलं, "आणि कॅन्सर?" बाईंनी उडवून लावलं नाही. "पांढरी गोळी एकटी घेतलीत तर गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं, तिथे धोका. म्हणून महिन्यातले बारा दिवस सोबत पिवळी. ती चुकवायची नाही. स्तनाच्या कॅन्सरचं मात्र अजून कुणी ठाम सांगत नाही."

इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी घेतली.

३ मे
झोपले! सकाळपर्यंत!

१४ मे
पिवळी संपली आणि अंगावरून गेलं. बाई म्हणाल्याच होत्या, जाणारच, त्यानेच अस्तर साफ होतं. पण इथे कोपरीच्या घरी आमच्या सासूबाईंना कोण समजावणार! "परत आली गो? या वयान?" देवघर बंद, स्वयंपाकघर बंद. पाळी गेली तेव्हा एकच सुख वाटलं होतं — देवाचं सगळं आता माझ्या हाताने. बावन्नाव्या वर्षी पुन्हा बाजूला! खूप रडले.

२ जून
पिवळी घेतली नाही. एका महिन्याने काय होतंय?

२० ऑगस्ट
अजून नाहीच घेतली. गणपती होऊ देत, गौरी होऊ देत, मग बघू. पांढरी चालू आहे. झोप छान, अंग हलकं. पण आंघोळीला गेले की हात ओटीपोटावर जातो. बाईंकडे जायचं टाळतेय. शिकलीसवरलेली मी, आणि हे काय चालवलंय! भीती वाटते.

२२ सप्टेंबर
गौरीचं जेवण गॅसवर, आणि रक्त. पिवळी न घेता! गॅस बंद केला, सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता विटाळाचं काढतील. त्यांनी नुसता माझा हात धरला. "गवर ऱ्हाईल गो उपाशी. तू आदी डाक्टरनीकडं चल. मीपन येतंय."