दोन बाइक मावतील एवढा हौदा

प्रिय सूनबाई,

पाकीट बघून घाबरू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. तुझ्या सासूबाईंचा गुडघा दुखायचा तेवढाच दुखतो, आणि तुझा नवरा रोज वेळेवर ऑफिसला जातो, डबा मात्र ओट्यावर ठेवून. फोनच करणार होतो, पण तुझ्या माहेरी फोन स्पीकरवर टाकायची पद्धत आहे. मागच्या वेळी मी तुला माझ्या पोटाचं सांगत होतो आणि उत्तर तुझ्या काकूंकडून आलं, तेही तीन उपायांसकट. आज जे सांगायचंय त्यावर काकूंचा उपाय चालणार नाही. म्हणून लिहितोय. अक्षर लावून वाच. एकतीस वर्षं काचकारखान्याच्या पॅकिंग खात्यात मी खोक्यांवर 'नाजूक माल' आणि 'ही बाजू वर' यापलीकडे काही लिहिलेलं नाही.

मोठी बातमी ही की आपण पिकअप घेतली. कोरी, राखाडी, मागे उघडा हौदा असलेली. तुझ्या नवऱ्याने कळवलं असेलच, पण त्याच्या तोंडून ती बातमी 'बाबांना वेड लागलं' अशीच पोचली असणार. त्याला दोष देत नाही. पाच आठवड्यांपूर्वी तू हात गळ्यात अडकवून माहेरी निघालीस, तेव्हा दारात चप्पल घालताना मला म्हणालीस, बाबा, दोन्ही बाइक विकून टाका, शर्यतीत त्या उतारावर माझा हात गोठला, ब्रेक दाबायचं सुचलंच नाही, आता माझाच माझ्यावर भरवसा नाही. मी हो म्हणालो. सगळ्यांसमोर म्हणालो. आणि गिऱ्हाईक शोधायला म्हणून बाहेर पडलेला हा माणूस त्याच बाइक वाहून न्यायला गाडी ठरवून घरी आला. तुझ्या सासूबाईंनी पावती दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली आणि मग विचारलं, यात भाजी किती मावते.

शोरूममधला विक्रेता टाय लावलेला, फार गोड माणूस होता. गाणी कशी लावायची, थंड हवा पायांवर कशी सोडायची, मागचं दाखवणारा कॅमेरा कुठे आहे, सगळं त्याने हौसेने दाखवलं. मी म्हटलं, मला हौदा बघायचाय. तो म्हणाला, सर, हौदा काय, सगळ्यांचा सारखाच असतो. ज्याने हयात पॅकिंगमध्ये घालवली त्याच्यासमोर हे बोलायला नको होतं. मी चपला काढल्या, हौद्यात चढलो आणि टेप धरून आडवा झालो. तुझी लाल बाइक सात फूट, म्हणजे मी आणि वर पावणेदोन फूट. डोकं पुढच्या पत्र्याला टेकवलं, टाचेशी खडूने रेघ मारली, मग कूस बदलून तुझ्या निळ्या बाइकची जागा बघितली. दोघी अगदी शेजारी उभ्या केल्या तर हॅन्डलं एकमेकींत अडकतात, म्हणून एक जरा पुढे, एक जरा मागे ठेवावी लागते. डोळे मिटून हे सगळं जुळवत होतो तेवढ्यात तोंडावर पाणी पडलं. बघतो तर सगळं शोरूम हौद्याभोवती जमलेलं आणि टायवाला माझी नाडी चाचपडतोय. मी पडल्या पडल्याच त्याला म्हटलं, मागचा फाळका खाली पाडा, मोजायला दोन फूट कमी पडतायत. गाडी त्याच दिवशी ठरली. पैशांचं विचारू नकोस, फंडाचे होते, आणि म्हातारपणी मी काय करणार होतो त्यांचं.

गाडी घरी आली आणि मग खरं काम सुरू झालं. आधी हौद्यात जाड रबरी चटई घातली, चिखलाची चाकं घसरू नयेत म्हणून. मग पुढच्या चाकासाठी दोन लोखंडी खाचा आणि पट्टे अडकवायला आठ कड्या करून घेतल्या. त्या केल्या कोपऱ्यावरच्या वेल्डरने. त्याला सगळे 'हं' म्हणतात, कारण तो तेवढंच बोलतो. मी त्याला कड्या कुठे हव्यात ते दाखवलं. हं. मजबूत हव्यात म्हटलं. हं. मग त्याने बराच वेळ हौद्याकडे बघून विचारलं, घोडे की गाई? मी सांगितलं, डोंगरउतारावर, चिखलात पळवायच्या बाइक आहेत. चालवतं कोण? म्हटलं, सून. त्याने तोंडावरचा मुखवटा वर केला आणि माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाला, आणि तुम्ही काय करता? मी म्हटलं, बांधतो. आणि कड्यांच्या जागा पुन्हा मोजायला लागलो. कड्या त्याने पत्र्याला लावल्या नाहीत, थेट खालच्या सांगाड्याला बोल्टने कसल्या. आता गाडी उलटी टांगली तरी कडी निघणार नाही.

बाइक हौद्यात चढवायचा उतरता फळा आणला, अॅल्युमिनियमचा, मधोमध दुमडणारा. चढवायचा सराव करावा म्हणून एका दुपारी लाल बाइक बाहेर काढली. तू ती एका दमात पळत पळत वर नेतेस, ते मी शंभरदा बघितलंय. बघण्यात आणि करण्यात किती अंतर असतं ते मला फळ्याच्या बरोबर मध्यावर कळलं. वर जाईना आणि खाली सोडवेना. तुझ्या सासूबाई मागून मागच्या चाकाला पोळपाट लावून उभ्या, आणि एकसारखं विचारतायत, आता काय करायचं आपण, असंच राहायचं का. नशिबाने पोस्टमन आला. त्याने हातातली पत्रं दातांत धरली आणि खांदा लावला. तिघांनी मिळून बाइक वर नेली. त्या गडबडीत समोरच्या दातांच्या डॉक्टरांचं विजेचं बिल हौद्यात राहिलं, ते दोन दिवसांनी सापडलं. त्यांनी बिलावरच्या दातांच्या खुणा मात्र उजेडात धरून नीट बघितल्या.

आता सासूबाईंचं एक गुपित फोडतो. तू बाइक चालवतेस म्हणून त्या नाक मुरडतात असं तुला वाटतं. वाटावं असंच त्या वागतात. पण गाडी आली त्या आठवड्यात त्यांनी माझं माप काढणं थांबवलं आणि हौद्याचं काढलं. ताडपत्री आणली, मशीनच्या चार सुया मोडल्या आणि मागच्या बाजूने उतरणारा एक पडदा शिवला, तिन्हीकडून बंद, वर खिडकीएवढी जाळी. आत एक आरसा, टॉवेलला खुंटी, बसायला घडीचं स्टूल. हे कशाला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, पोरगी दर वेळी दोन गाड्यांच्या मधे ओणवी होऊन कपडे बदलते आणि मी टॉवेल धरून उभी असते, माझे हात भरून येतात. म्हणजे बघ, सगळ्या शर्यतींना त्या टॉवेल धरून झाला की डोकं दुखतंय म्हणत गाडीत जाऊन बसतात, तरी नजर कुठे असते ते. तुझ्या नवऱ्यानेही हौद्यात एक दिवा बसवून दिला. पण वायर उलटी जोडली असल्याने ब्रेक दाबला की दिवा लागायचा. ते दुरुस्त केलं.

पट्टे मात्र मी दुसऱ्या कोणाला लावू दिले नाहीत. दोर नाही वापरला. कटकट करत आवळले जाणारे चांगले रुंद पट्टे आणले. ते नीट कसे लावायचे ते बघायला एका रविवारी तुमच्या मैदानावर गेलो, तुला न सांगता. तुझ्या ओळखीचे सगळे भेटले, सगळ्यांनी तुझी चौकशी केली. तिथे त्या उंच मुलीचे वडील आहेत ना, दवाखान्यात कंपाउंडर आहेत ते, त्यांनी मला पाऊण तास शिकवलं. म्हणाले, काका, बाइक म्हणजे पेटी नव्हे. खड्ड्यात ती शॉकअपवर खाली बसते, तेव्हा नुसता ताठ बांधलेला दोर सैल पडतो आणि बाइक कलंडते. म्हणून आधी पुढून तिला थोडी दाबून बसवायची आणि मग आवळायची, म्हणजे पट्टा ताणलेलाच राहतो. फार दाबली तर शॉकअपमधलं तेल गळतं, म्हणून चाकाच्या वर लाकडी ठोकळा घालायचा. मी वहीत लिहून घेतलं. मग मला जरा बसावंसं वाटलं. त्यांनी पाणी दिलं, उन्हाने झालं असेल म्हणाले. ऊन नव्हतं.

घरी येऊन शिकलो तशी लाल बाइक बांधली आणि सासूबाईंना शेजारी बसवून वसाहतीत फेऱ्या मारल्या. त्यांनी सीटवर उलटं बसून मागच्या काचेतून बाइकवर लक्ष ठेवायचं आणि हलली की सांगायचं. दर गतिरोधकाला मी विचारायचो, हलली? त्या म्हणायच्या, मी हलले. पाचव्या फेरीला पहारेकऱ्याने आपला नंबर लिहून घेतला. आठव्या फेरीला त्यांना मळमळायला लागलं. अकराव्या फेरीला त्यांनी मान वळवली आणि म्हणाल्या, अहो, बाइक जागची हलत नाही, तुम्हीच का थरथरताय? मी गाडी बाजूला घेतली. आणि जे तुला आधी सांगायला हवं होतं ते त्यांना सांगितलं. त्यांनी घरी येऊन कपड्यांच्या घड्या घातल्या, घातलेल्या मोडून परत घातल्या. मग एवढंच म्हणाल्या, हे मला काय सांगताय, तिला सांगा. आज सकाळी चहा मिळाला, पण कप टेबलावर ठेवल्याचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत गेला असेल.

तर ऐक. शर्यतीच्या आदल्या दिवशी लाल बाइक मेकॅनिककडून मी आणली, गादीवाल्याकडून टेम्पो मागून घेऊन, एकटा. तू म्हणाली होतीस, बाबा, बांधायला मी येते. मी म्हटलं, माझ्या हातून एकतीस वर्षांत पेला फुटला नाही, मला नको शिकवूस. काचेची पेटी बांधतात तशी ती ताठ बांधली. पुलाच्या पलीकडे खड्डा लागला, बाइक खाली बसली, दोर सैल पडला आणि ती आडवी झाली. पुढच्या ब्रेकची हॅन्डलवरची दांडी हौद्याच्या कडेवर आपटून वाकली. मी रस्त्यात थांबून पाइप घालून ती सरळ केली, बोटाने चाचपली, नीट वाटली. घरी तू विचारलंस, व्यवस्थित आली ना? मी म्हटलं, पॅकिंग कोणाचं आहे. दुसऱ्या दिवशी तू पडलीस. दांडी तुटलेली सापडली तेव्हा सगळे म्हणाले, पडल्यावर तुटली. मीही तसंच म्हणालो. तुटका तुकडा मात्र चिखलातून उचलून खिशात टाकला आणि तो आजवर माझ्या कपाटात होता. मैदानावरून आल्यावर तो 'हं'कडे नेला. त्याने दिव्याखाली धरून बघितला आणि मी त्याच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात लांब वाक्य बोलला: अर्धी चीर जुनी आहे, काळी पडलीय, अर्धी ताजी, आणि टोकाला ओरखडा नाही, म्हणजे ही आपटून नाही तुटली, कोणीतरी जोरात दाबल्यावर तुटली.

सूनबाई, तुझा हात गोठला नव्हता. तू ब्रेक दाबला होतास, वेळेवर, सगळा जोर लावून. तो मी आदल्या दिवशीच मोडून ठेवला होता. पाच आठवडे तू स्वतःला भित्री समजत बसलीस आणि मी तुला समजू दिलं, कारण मला माझं नाव जपायचं होतं. हे सांगायला हे पत्र. तुकडा सोबत पाठवलाय, कागदात गुंडाळून, तूच बघ. बाइक विकायच्या तर अजूनही विकू, गिऱ्हाईक मी आणतो, या वेळी खरंच आणतो. पण कंटाळा आला म्हणून विकून टाक, भरवसा उडाला म्हणून नको. माझ्यावरचा उडाला असेल तर तो बरोबर उडालाय. माझ्याशी बोलावंसं वाटेपर्यंत सासूबाईंशी बोल, त्या फोनजवळच असतात. आणि कधी त्या हौद्यात बाइक चढलीच, तर पट्टे तू आवळ. मी नुसती धरून उभा राहीन.

तुझाच,
बाबा