पेटी वाजलीच नाही

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचलो. हे पहिल्याच ओळीत लिहितो, म्हणजे पुढचं तू बाबांच्या खाटेपाशी बसून सावकाश वाचशील. प्रवासात फक्त छत्री हरवली. ती तुझी होती हे आज ना उद्या तुला कळणारच, म्हणून आधीच सांगून मोकळा होतो.

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला दोन खोल्या मिळाल्या आहेत. एकीत मी झोपतो, दुसरीत कारखाना. कारखाना म्हणजे तूर्त एक लांब टेबल, पत्र्याचं छप्पर आणि एक खिडकी, जिच्यातून वाळत घातलेल्या चादरींशिवाय काही दिसत नाही. आपल्या इथल्या भागीदारीणबाईंचं पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. मला पाहून त्यांनी दुभाष्याला विचारलं की मालक कधी येणार आहेत. मालक मीच, हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा पडला की मलाच त्यांची समजूत काढावी लागली.

गरीब देशांत धंदा सुरू करणाऱ्या कारखान्यांचा निम्मा खर्च आपलं सरकार उचलणार, असं मी वाचून दाखवलं तेव्हा तू मला वेड्यात काढलं होतंस. आता बघ. योजनेच्या अटी मात्र कडक आहेत. भागीदार इथलाच हवा, कामाची माणसं इथलीच हवीत. उबेच्या पहिल्या पेट्या आपण तिकडून तयार पाठवायच्या, त्या वर्षभर नीट चालल्या तरच पुढच्या इथे जोडायला पैसे. भागीदारीणबाईंनी त्या भरवशावर पाच जणी कामाला घेतल्यासुद्धा.

इथे दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं गरम पाण्याच्या बाटल्या लावून ठेवतात. बाटली थंड झाली की बाळही थंड. बाळांच्या खोलीतली सिस्टर एकटी, बाळं पुष्कळ. आपल्या उबेच्या पेट्यांची ती माझ्याहून आतुरतेने वाट बघते आहे. लवकर पाठव. फोन रुग्णालयाच्या कचेरीत एकच आहे आणि तोही बहुतेक वेळ रुसलेला असतो, तेव्हा पत्रंच लिहीत जा. बाबांना साष्टांग नमस्कार.

माया आहे तेवढी राहू दे, छत्रीपायी कमी करू नकोस.

तुझा,
खटपट्या


२६ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

छत्री माझी नव्हती, शेजारच्या मास्तरीणबाईंची होती. आता त्यांच्याशी तूच बोल.

पेट्या काल रवाना झाल्या. गेले दोन आठवडे इथे नुसती धांदल होती. आपल्या माणसांनी जेवणाच्या सुट्टीतही हात थांबवले नाहीत. जुन्या फिटरकाकांनी तर प्रत्येक पेटीवरून असा हात फिरवला, जशी लेक सासरी चालली आहे. मी हसले, तर माझ्यावरच डाफरले.

बाबांचं म्हणशील तर कण्याचं दुखणं वाढलं आहे. डॉक्टर म्हणतात झोप मिळाली तरच थोडा उतार पडेल, आणि झोप तर डोळ्याला डोळा लागत नाही अशी. तुला ठाऊक आहे, त्यांची खाट आणि आपलं तपासणीचं टेबल यांच्यामध्ये एक भिंत तेवढी. प्रत्येक पेटी थंड करून बझर वाजतो की नाही ते बघायचं, म्हणजे दिवसभर कोकलणं चालू. ते दचकायचे. मला बघवेना. शेवटी मी एक युक्ती काढली. त्यांच्याच जुन्या ब्लँकेटचे तुकडे कापले आणि तपासणी चालू असेपर्यंत एकेक बझरच्या तोंडावर आतून चिकटपट्टीने लावून दिला. लाल दिवा लागतोच, तपासणाऱ्याला तेवढा पुरे. पेटी बंद करायच्या आधी मी स्वतः तुकडा काढून घ्यायची. तेव्हापासून बाबा डोळे मिटून शांत पडून असतात. माझा जीव भांड्यात पडला.

तू गेल्यापासून घर खायला उठतं, हे लिहिणार नव्हते, पण लिहून गेले. जेवणाकडे लक्ष दे. कुणाच्याही वस्तू हरवू नकोस.

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
ताई


१९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस.

पेट्या सुरू होऊन महिना झाला होता. सगळं इतकं छान चाललं होतं की योजनेच्या साहेबांना मी आपल्या पाच जणींचे फोटोही पाठवले. गेल्या मंगळवारी पहाटे आपल्या पेटीतलं एक बाळ गेलं. मुलगी होती. आई शिवणकाम करते. लग्नानंतर चार वर्षांनी झालेलं मूल.

पेटीची तार आत कुठेतरी सुटली असावी आणि ऊब बंद पडली. अशा वेळी बझर वाजायला हवा, त्यासाठीच तर तो आहे. सिस्टर पलीकडच्या खोलीत एका बाळंतिणीपाशी होती. ती म्हणते की पेटी वाजलीच नाही. दार उघडं होतं, आपले कान तिकडेच होते, असं ती पुन्हा पुन्हा सांगते. कुणी ऐकून घेत नाही. सगळे म्हणतात की तिचा डोळा लागला असणार. तिला घरी बसवलं आहे आणि नोकरी जाणार हे ठरल्यासारखंच आहे.

ताई, मीही तेच धरून चाललो आहे. आपला बझर बाबांनी स्वतः तार गुंडाळून केलेल्या नमुन्यावरून बनतो आणि आजवर कधी मुका राहिलेला नाही. पण एक गोष्ट मला खाते आहे. पेट्या आल्या त्या दिवशी मीच त्या सिस्टरला छाती पुढे काढून सांगितलं होतं की आता तुम्ही खुशाल दुसऱ्या खोलीत जा, गरज पडली तर पेटी तुम्हाला हाक मारील.

पेटीला कुलूप घातलं आहे. योजनेचे साहेब महिन्याभराने तपासणीला येतील, तेव्हा त्यांच्यासमोर मी ती उघडायची. त्यांनी आधीच कळवलं आहे की चूक रुग्णालयाच्या माणसाची ठरली तर आपल्या कामाला धक्का लागणार नाही. हे वाचून मला हायसं वाटलं. आणि मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

भागीदारीणबाई दुकानात एकट्याच बसून असतात. पाच जणी रोज येतात, टेबल पुसतात आणि जातात. काय करावं सुचत नाही. दोन ओळी का होईना, लगेच लिही.

तुझ्या आधाराची फार गरज असलेला,
खटपट्या


४ मे

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उभ्या उभ्या वाचलं. तार सुटणं आपल्या हातात नसतं. पण वाजलीच नाही, हे दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले.

तुकडे मी काढून एका डब्यात टाकत असे. तो डबा उघडून बसले. कितीदा मोजले तरी एक कमीच. मग आठवलं. पेट्या गेल्या त्या दिवशी शेवटचीच पेटी उघडी होती. माझा हात तिच्याकडे जायला आणि पलीकडून काहीतरी पडल्याचा आवाज यायला एकच गाठ. बाबा खाटेवरून खाली घसरले होते. मी तशीच धावले. त्यांना उचलून, निजवून, अंग पुसून परत आले तेव्हा फिटरकाकांनी त्या पेटीची मागची बाजू बसवून टाकली होती. ते समजले की मी तुकडा काढूनच गेले. मीही तसंच समजले. विचारावंसं कुणालाच वाटलं नाही. फिटरकाकांना यातलं काही कळवू नकोस, ते खचतील. त्यांचा यात काही दोष नाही.

आता नीट ऐक. तो तुकडा आत सापडला, तर तो खिशात घालायचा मोह तुला होईल. मी तुझी बहीण आहे, मला माहीत आहे. साहेबांचं लक्ष नसेल, कुणाला कळणारही नाही. तसं करू नकोस. त्या मुलीचं जे झालं ते मला फिरवता येत नाही. पण सिस्टर खरं बोलते आहे आणि तिला खोटं ठरवून आपण इथे सुखाने दोन घास खाऊ शकणार नाही. मदत जाईल, पाच जणींचं काम जाईल, कदाचित आपलाही कारखाना बंद पडेल. हे सगळं मी इथे टेबलापाशी बसून मनात धरलं आहे. तरीही सांग. सांगताना माझं नाव घे. पेटी पाठवली मी, हात माझा राहिला.

उरलेल्या पेट्या आजच्या आज उघडून बघ. नंतर रड.

या वेळी आशीर्वादाशिवाय द्यायला काही नाही.

ताई


२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

होता. निळ्या ब्लँकेटचा, कडेला बाबांच्या सिगारेटने पडलेल्या भोकासकट. उरलेल्या पेट्या तुझं पत्र आल्या आल्या उघडल्या, त्यांत काही नव्हतं.

साहेब खिडकीपाशी उभे राहून पंख्यांविषयी भागीदारीणबाईंशी बोलत होते. तू लिहिलंस तसंच झालं. तुकडा माझ्या मुठीत होता आणि पाठ सगळ्यांकडे. तुझं पत्र नसतं तर मी काय केलं असतं ते मला सांगता येणार नाही, म्हणून विचारू नकोस. मी वळलो आणि मूठ उघडली.

साहेब भले आहेत. त्यांनी मला दोनदा विचारलं की हे लिहायचंच का. मी हो म्हणालो. मदत थांबली. इथलं काम बंद करून परत यायचा हुकूम आला आहे. पाच जणींना भागीदारीणबाईंनीच सांगितलं, मला तोंड उघडू दिलं नाही. एकीने हातातलं फडकं टेबलावर ठेवलं आणि ते सगळ्या बाजूंनी सारखं केलं. भागीदारीणबाई माझ्याशी बोलत नाहीत. त्यांनी दुकानावर कर्ज काढलं होतं, हे मला आता कळलं.

सिस्टरला कामावर घेतलं. मी तिची माफी मागायला गेलो तर ती बाटल्यांत गरम पाणी भरत होती. आपल्या पेट्या तिने भिंतीकडे तोंड करून ठेवल्या आहेत. मी समजावलं की त्या चांगल्या आहेत, मी स्वतः प्रत्येक बझर वाजवून बघितला आहे. तिने मान हलवली आणि पाणी भरत राहिली.

काल त्या मुलीच्या आईकडे गेलो. खोलीत शिलाईचं मशीन, कपड्यांचे ढीग आणि एकच खुर्ची. ती तिने मला दिली. मी सगळं सांगितलं. भिंत, बाबांचं दुखणं, तुझी युक्ती, तो पडल्याचा आवाज. दुभाष्या मध्येच थांबला, पाणी प्यायला आणि मग पुढचं बोलला. मला वाटलं ती ओरडेल, हाकलून देईल. मी त्यासाठीच गेलो होतो. पण तिने एवढंच विचारलं, की मग तुमच्या वडिलांना झोप लागली का.

ती टोमणा मारत नव्हती, ताई. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. घरी विचारून सांगतो, असं म्हणून उठलो. पुढच्या महिन्यात निघेन, त्याआधी मला तिच्याकडे जायचं आहे. काय सांगू ते लिही.

तुझाच,
खटपट्या


१७ जून

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू बाबांना काही सांगू नकोस म्हणाला होतास. पण त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याशिवाय कुणापाशी नव्हतं. परवा त्यांना बरं वाटत होतं, तेव्हा खाटेच्या कडेला बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं. मध्ये एकदाही त्यांनी मला थांबवलं नाही. मुलीचं ऐकून मात्र माझा हात धरला तो सोडेनात.

मग मी त्यांना विचारलं. ते भिंतीकडे बघत म्हणाले की बझर वाजायचा तेव्हा ते दचकायचे खरे, पण त्या आवाजाने त्यांना बरं वाटायचं. एकेक पेटी तयार होते आहे हे पडल्या पडल्या मोजता यायचं. मग एक दिवस आवाज यायचा थांबला. त्यांना वाटलं की कारखाना बंद पडला आणि आपण दोघं ते त्यांच्यापासून लपवतो आहोत. मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी विचारलं नाही. मी खोलीत आले की डोळे मिटून पडायचे, आणि मी गेले की पुन्हा कान लावून जागे.

इतके दिवस मी त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघून समाधानाने दार लोटून घेत होते रे.

त्या बाईंकडे जाशील तेव्हा माझा नमस्कार सांग. मग खरं तेच सांग. नाही लागली.

तुझी,
ताई