सोनाळ्यात न दाखवलेलं शेवटचं रीळ

बाबा,

आधी काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. गेल्या रविवारी सकाळी टीव्हीवर एक नवी मालिका सुरू झाली. चंद्रावरच्या ठाण्याचे जे दोन इंग्रजी पिक्चर तुम्ही फिरत्या टॉकीजच्या तंबूत हिंदीतून लावायचात, त्यांची ही पुढची गोष्ट आहे.
२. मालिकेत ठाण्यावरची इंजिनेर बाई मेलेली आहे. दुसऱ्या पिक्चरच्या शेवटीच ती मेली होती, असं त्यात दाखवलं.
३. सोनाळ्यात तुम्ही तोच दुसरा पिक्चर दाखवलात, तेव्हा ती जिवंत राहिली होती.
४. मंगळवारी मला कळलं की तो शेवट तुम्ही कापला होता.
५. काल खामगावच्या डॉक्टरांनी मायला बाहेर बसवलं आणि मला एकटीला काही सांगितलं.

पाचव्यावर शेवटी येते.

तुम्ही गेलात तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आता नांदुऱ्यात स्टँडजवळ माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. गिऱ्हाईक दुकानात शिरतं आणि आधी विचारतं, मिस्तरी कुठी गेले? मी म्हणते, मीच. मग ते सेट काउंटरवर ठेवतं आणि दुरुस्ती संपेपर्यंत माझ्या हातांवरची नजर काढत नाही. सोमवारी मात्र सोनाळ्याचं एक जोडपं सेट न घेताच आलं. वांगी-मिरची पिकवणारे लोक, बाजार आटोपून आलेले. नवरा म्हणाला, "बाई, तुह्या बापाच्या तंबूत हे पिक्चर आम्ही दोघांनी पाह्यलं होतं. नवं लगन होतं आमचं. बाई जहाजात बसली, दार लागलं, खेळ खतम. अन् आता हे टीव्हीवाले तिले मेली म्हणून राह्यले."

"तुम्ही झोपले असान," मी म्हटलं.

"झोपतो काऊन? बायको होती ना बाजूले!"

बायकोने त्याला कोपर मारलं. "मले बी दिसली होती वं पोरी. अन् हे मेले जित्या बाईचं श्राद्ध घालून राह्यले!"

मी हसले. म्हटलं, जे येतं ते सेट दाखवतो, माझ्याकडे त्याचा इलाज नाही. पण ते गेल्यावर मला काम सुचेना. कारण मलाही ती जहाजात बसलेलीच आठवत होती, आणि ते आठवलं की त्या आठवणीतला एक आवाजही आठवतो.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, तंबू सोनाळ्याला असताना, तुम्ही मला तिथे बोलावून घेतलं होतं. महाराष्ट्र झाला त्या वर्षापासून तुम्ही तंबूत मशीनवर होतात, पण मला मशीनजवळ बसू दिलंत ते या सुट्टीत पहिल्यांदा. मी तुमच्या स्टुलाला टेकून बसलेली आहे. मशीनमधल्या कार्बनच्या कांड्यांचा उजेड भोकातून बाहेर येतो आणि तुमची हनुवटी पांढरी दिसते. दुपारी तुम्ही मला फिल्मची तुटलेली पट्टी जोडायला शिकवता: ब्लेडने वरचा चित्राचा मसाला खरवडायचा, काडीने चिकटवायचं सिमेंट लावायचं, वर बोट दाबून धरायचं. "जोड कसा पाह्यजे पोरी? पाह्यणाऱ्याले समजलाच नाही पाह्यजे." मी फेकून द्यायच्या तुकड्यांवर जोड घालत बसते. तुम्ही ते हाताने ओढून बघता आणि मान हलवता. इतकं चांगलं कोणी मला नंतर कॉलेजातही शिकवलं नाही. हे मी राग असूनही लिहिते, कारण ते खरं आहे.

त्या रात्री दुसरा पिक्चर होता. ठाणं पेटतं. इंजिनेर बाई सगळ्यांना जहाजात चढवते. जहाजाचं दार लागतं. लगेच समाप्तची पाटी येते. पाटी आली तरी दाराची घरघर क्षणभर ऐकू येत राहिली, आणि मग मध्येच कुठून तरी गाणं सुरू झालं. मी तुमची बाही ओढली. "बाबा, काहीतरी उडालं. पाटी आधी आली, आवाज मागून बदलला."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. असं तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हतात. "गप बस. जुनी प्रिंट हाय, उडतेच. तुले काय समजते?"

मला समजलं होतं, बाबा. चित्राचा आवाज पट्टीवर त्या चित्राच्या शेजारी नसतो, थोडा पुढे छापलेला असतो. म्हणून पट्टी कापून जोडली की चित्र आधी बदलतं आणि आवाज जरा उशिरा. हे मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला पुस्तकात वाचलं, तेव्हाही तो सोनाळ्याचा तंबू डोळ्यांसमोर आला होता आणि तेव्हाही मी मनात म्हटलं, नाही, ती प्रिंट जुनी होती. तुमच्या एका वाक्याने माझे कान इतकी वर्षं खोटे ठरवले.

मंगळवारी मी स्टँडवरच्या चहावाल्या काकांना विचारलं. तेच, तुमच्या तंबूचे दारवान.

"काका, त्या पिक्चरचं शेवटचं रीळ कापलं होतं का?"

त्यांनी गाळणी खाली ठेवली. "तुले कोनं सांगतलं वं?"

"टीव्हीनं."

"हाव. तुह्या बापानं कापलं. आधी संग्रामपूरले पुरा दाखवला होता. मंग म्हने, पोरगी येऊन राह्यली, हे तिनं पाहू नये. प्रिंट परत धाडतानी जोडून देल्लं, मालकालेबी पत्ता नाही."

"अन् सोनाळ्याचे बाकीचे लोक?"

"त्याईचं काय बिघडलं? खुशीत गेले घरी."

मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं. त्या वेळी तुम्हाला तुमच्या स्वतःच्या आजाराचं माहीत होतं का? काका ग्लास विसळत म्हणाले, हो. आणि मायला? "तिलेबी."

तुम्ही काय कापलंत ते मला मालिकेने दाखवलं, कारण पहिल्या भागात ते जुनं दृश्य होतं. बाई जहाजात बसतच नाही. ती दार बाहेरून लावते. मग जळत्या ठाण्यावरून ती वायरलेसवर पृथ्वीवरच्या आपल्या मुलीशी बोलते आणि तिला सरळ सांगते, मी येणार नाही. मुलगी रडते, प्रश्न विचारते, बाई उत्तरं देते, आवाज जाईपर्यंत. मालिकेत तीच मुलगी मोठी झाली आहे आणि आईच्या जागी कामाला लागली आहे. संग्रामपुरात रोज रात्री हे तुमच्या डोळ्यांसमोर चालत होतं. मरणारं माणूस आपल्या मुलीला कसं सांगतं, हे तुम्ही स्वतःच्या हाताने पडद्यावर टाकत होतात. आणि तुम्ही नेमकं तेवढंच काढून ठेवलंत.

मी काहीच बघत नव्हते असं तुम्हाला वाटलं का? त्याच सुट्टीत मी विचारलं होतं, बाबा, कमरेच्या पट्ट्याला नवं भोक काऊन पाडलं? तुम्ही म्हणालात, चामडं वाढते. मी ते मानलं, कारण चामडं खरंच वाढतं. पावसाळ्यात तुम्ही म्हणालात, अकोल्याला जातो, मशीनची लेन्स आणायची आहे. मी तुमची पिशवी स्टँडपर्यंत आणली. तुम्ही खिडकीत बसलात आणि मी विचारलं, कोणती लेन्स? तुम्ही हसलात. गाडी सुटली. मला मामाकडे ठेवलं. परत आणलं तेव्हा घरात तुमचा फोटो लावून झाला होता, आणि मी मायला पहिलं काय विचारलं असेल? लेन्स मिळाली का.

मला प्रश्न विचारता आले असते. मी बरे प्रश्न विचारायचे. तुम्ही ते ऐकायला थांबला नाहीत, याचा मला राग आहे. दुःख वेगळं, ते होऊन गेलं. राग जात नाही. माझ्यासाठी म्हणून तुम्ही अख्ख्या सोनाळ्याला खोटा शेवट दाखवलात आणि मला विचारलंही नाहीत की मला कोणता हवा.

आता पाचवं. मायच्या पोटातली गाठ साधी नाही. डॉक्टर म्हणाले, फार काही करता येणार नाही, आणि त्यांना कसं सांगायचं ते तुम्ही घरचे ठरवा. घरची म्हणजे मी एकटीच. बाहेर बाकड्यावर माय पदराला हात पुसत बसली होती. "काय म्हने डाक्टर?"

मी म्हटलं, "साधी गाठ आहे. दोन-चार इंजेक्शनं घ्यावी लागतील."

एकदम म्हटलं. अडखळले नाही. जोड चांगला बसला. बसमध्ये माय खिडकीशी बसली. मग म्हणाली, "त्या मालिकेतली पोरगी बरी हाय. मायले सगळं इचारून घेतलं तिनं."  तिला आवाज मागून बदललेला ऐकू आला की नाही, हे मला सांगता येत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत आहे, म्हणजे कुठेच नाही. तरी विचारते. कापल्यावर, निदान अकोल्याच्या दवाखान्यात, ते दृश्य परत जोडून मला दाखवावं असं तुमच्या मनात आलं होतं का? मालिकेचा दुसरा भाग रविवारी सकाळी आहे. माय आणि मी तो एकत्र बघणार आहोत. कृपया शनिवार संध्याकाळपर्यंत उत्तर द्यावं.