पहिल्या खांद्याचा मान

बाळकुम, ठाणे
१० नोव्हेंबर १९९१

ती. स्व. दामाजीकाकांस,

मालनचा सा. न. वि. वि. आणि वर एन.सी.सी.चा एक कडक सॅल्यूट.

पत्रास कारण, एक तक्रार आणि एक आमंत्रण. तक्रार ही, की भाऊबीजेला तुम्ही आणि काकी आलात, जेवलात आणि हात वाळायच्या आत मानपाड्याला परत पळालात. दादा गेटवर उभा नसला तर कोणी अख्खा कारखाना उचलून नेणार आहे का, असं बाबा विचारत होते. सख्ख्या धाकट्या भावानं विचारलंय, तेव्हा राग मानू नका. काकीच्या करंज्या मात्र संपल्या. बाबांनी डबा लपवला होता, पण मला तो लगेच सापडला.

आता आमंत्रण. बांगलादेशच्या लढाईला वीस वर्षं होतात म्हणून आमच्या कॉलेजात १६ डिसेंबरला माजी सैनिकांचा सत्कार आहे. तुम्ही आणि बाबा लहानपणी ज्या खाचरांत भात लावायचात ना, तिथंच आता आमचं मैदान आहे. आमच्या एन.सी.सी.च्या सरांनी विचारलं, की आसपासच्या गावांतलं कोणी लढाईत होतं का. मी सगळ्यांच्या आधी हात वर केला आणि हवालदार दामाजी भोईर, माझे सख्खे काका, असं सांगून मोकळी झाले. तुम्हाला न विचारता सांगितलं, त्याबद्दल हवं तर कान पकडते.

आणि खरी बातमी पुढेच आहे. सलामीच्या पथकाची कमांड मला मिळालीय! मी ऑर्डर देणार आणि सगळं पथक तुम्हाला सॅल्यूट ठोकणार. पाहुण्यांनी छातीवर पदकं लावून यावं, असं सरांनी बजावलंय. तुमची पदकं मी आजवर एकदाही पाहिलेली नाहीत. ट्रंकेत असतील तर काकीला सांगून चिंचेनं घासून ठेवा.

काकीला नमस्कार. आहे ती माया तशीच असू द्या, आणि यायचं नक्की करा.

आपली पुतणी,
मालन


मानपाडा, डोंबिवली पूर्व
१७ नोव्हेंबर १९९१

चि. मालन हिस,

अ. उ. आ. सॅल्यूट पोचला. पत्रातून केलेला सॅल्यूट ढिला समजतात, पण चालवून घेतो.

तुला कमांड मिळाली हे वाचून मी कारखान्यात सगळ्यांना पेढे वाटले. आमचा कॅंटीनवाला पंढरी विचारत होता, की मुलगी पास झाली का. मी म्हटलं, पास तर सगळेच होतात, ही ऑर्डर देणार आहे. ऑर्डर पोटातून द्यायची, गळ्यातून नाही. नाहीतर तुझा आवाज ऐन वेळी फाटेल आणि पथक तुझ्याकडे बघत बसेल.

माझं येणं मात्र जमणार नाही. एक तर गुडघा धरलाय. दुसरं, त्या दिवशी माझी ड्यूटी आहे. तिसरं म्हणजे शाल. आमच्याकडे एवढ्या उकाड्यात शाल घेऊन मी करू काय? मला एकच मान ठाऊक आहे, चैत्रात गावदेवीच्या पालखीला पहिला खांदा देण्याचा. तो भोईरांच्या थोरल्याचा असतो, त्याला मी कधी चुकलो नाही. बाकीचे मान ज्यांना शोभतात त्यांनी घ्यावेत.

सरांना माझा नकार नीट शब्दांत कळव. तोंड पाडून बसू नकोस. तुझ्या बाबांना सांग, कारखाना जागेवर आहे.

तुझ्यावरचा जीव पेन्शनीसारखा आहे, मागावा लागत नाही, वेळेवर येतो.

तुझा,
दामाजीकाका


बाळकुम
२४ नोव्हेंबर १९९१

ती. स्व. सगुणाकाकीस,

मालनचा सा. न. वि. वि. हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे. काका ड्यूटीवर असताना वाच.

काकांनी येत नाही म्हणून कळवलंय. कारणं तीन दिलीत आणि तिन्ही खोटी आहेत. गुडघा धरलेला माणूस भाऊबीजेला आमच्या माडीवर दोन-दोन पायऱ्या गाळत चढला होता. मी रडले, मग चिडले, मग पुन्हा रडले. बाबांना विचारलं तर ते एकदम गवार निवडायला बसले. आमचे बाबा आणि गवार! तेव्हाच मला काहीतरी आहे असा वास आला.

काल सरांनी आम्हाला पदकांची चित्रं दाखवली. त्यात एक पाच टोकांची चांदणी होती. पूर्वेच्या आघाडीवर लढलेल्यांना ती मिळते म्हणाले. काकी, मी ती लगेच ओळखली. लहानपणापासून दर मंगळवारी बघतेय मी तिला! आपल्या गावदेवीच्या गळ्यात लाल दोऱ्यात ओवलेली जी माळ आहे, दोन्हीकडे गोल आणि मधे चांदणी, तीच ना? आम्ही पोरी तिला देवीचा तारा म्हणायचो. आज जाऊन बघून आले. कुंकवाच्या थराखाली कडेला बारीक अक्षरं आहेत. तुझ्या नवऱ्याचं नाव आहे त्यावर.

ती तिथं कशी गेली? आणि एका दिवसापुरती काढून आणता येईल का? तू सांगितलंस तर मी आजच आबांना विचारते. इतकी वर्षं देवीची पूजा करतायत ते, तिचं मन त्यांनाच कळतं.

तुझ्या मायेची आणि उत्तराची वाट बघणारी,
मालन


मानपाडा
२९ नोव्हेंबर १९९१

चि. मालनला,

काकीचा अ. आ. माझं अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, सांभाळून घे.

होय, ती माळ त्यांचीच. मीच घातली. लढाई लागली तेव्हा त्यांचं पत्र येईना. सगळे म्हणायचे, येईल येईल, आणि माझ्यासमोर रेडिओ बंद करायचे. तेव्हा मी गावदेवीसमोर पदर पसरला. म्हटलं, माझा माणूस जिता आण, सरकार त्याच्या अंगावर जे घालील ते मी तुझ्या अंगावर घालीन. मला वाटलेलं, फार तर एखादा हार घालतील. ते आले. मग पुढल्या एका सुट्टीत ती पदकं घेऊन आले. ते न्हाणीत असताना मी पदकं उचलली, दोऱ्यात ओवली आणि देवीच्या गळ्यात घालून आले. नवस तो नवस. उशीर केला तर फेडला असं होत नाही.

बाहेर येऊन विचारलं तेव्हा मी सांगितलं. ते चहा पीत बसले. मग हसून म्हणाले, बरं केलंस, देवीचा हुद्दा माझ्यापेक्षा मोठाच आहे. विषय संपला. फौजेत ती पदकं माणूस जन्मभर लावतो, त्यांच्याशिवाय परेडला उभा राहत नाही, हे मला खूप वर्षांनी दुसऱ्या एका शिपायाच्या बायकोनं सांगितलं. यांनी कधी तोंडातून काढलं नाही.

पण मालन, दर सोळा डिसेंबरला ते सकाळी उठून काळे बूट काढतात. पॉलिश करतात, तोंड दिसेस्तोवर. आणि परत ट्रंकेत ठेवतात. कुठं जात नाहीत. मी भाकऱ्या थापता थापता बघते.

तरी दिलेलं परत मागायचं नाय. मी मागणार नाय, तूही आबांना विचारायचं नाय. तुला माझी शपथ आहे. सुकट पाठवलीय बाबांसाठी, लपवू नकोस.

तुझ्यावर जीव असलेली,
सगुणाकाकी


बाळकुम
८ डिसेंबर १९९१

ती. स्व. काकीस,

सा. न. वि. वि. आधी सुकटीबद्दल बाबांचे आभार घे, म्हणजे पुढचं वाचताना राग कमी येईल. मी आबांना विचारलं. शपथ मोडली. तुझं पत्र यायच्या आधीच विचारलं असतं, तर मोडली नसती. तेव्हा थोडा दोष इतक्या लवकर पोचलेल्या टपालाचाही धर.

मंगळवारी आबांनी कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक कळी चिकटवली आणि विचारलं, माळ एका दिवसापुरती द्यावी का. डावी कळी पडली. म्हणजे नाही. मी तिथंच भोकाड पसरलं. आबा माझ्यावरच खेकसले. म्हणाले, आईच्या गळ्यातलं मागायला जीभ कशी वळली? आईलाच घेऊन जावं, एवढी अक्कल कॉलेजात शिकवत नाहीत काय? मग त्यांनी पुन्हा कळ्या लावल्या आणि विचारलं, पालखीत बसून येतेस का. आणि काकी, त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत उजवी कळी पडली!

देवी शिवेबाहेर जात नाही, मला ठाऊक आहे. पण आबा म्हणाले, शीव आहे ती कॉलेजच्या पलीकडच्या चिंचेला. मैदान आपल्याच हद्दीत आहे. कॉलेजची भिंत झाल्यापासून पालखी बाहेरूनच वळसा घेते, त्याचा आबांना कधीचा राग आहे.

प्रिन्सिपॉल आधी नाहीच म्हणाले. कॉलेजात धार्मिक कार्यक्रम होत नाहीत, असं त्यांनी तीनदा सांगितलं. तेव्हा आमचे सर अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, सर, धार्मिक काही नाही, हवालदारांची पदकं येतायत, त्यांचा मुक्काम सध्या पालखीत असतो. प्रिन्सिपॉल चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, ढोल गेटबाहेर थांबवा.

आता तुझं काम. काकांना सत्काराचं नाव काढू नकोस. एवढंच सांग, की देवीचा कौल झालाय, सोळा तारखेला पालखी शीव बघायला निघतेय आणि पहिल्या खांद्याला भोईरांचा थोरला हवा. आणि त्या दिवशी बूट ट्रंकेतच राहू देत. पालखीला अनवाणीच चालायचं असतं.

शपथ मोडली तरी माया मोडू नकोस.

तुझी,
मालन


मानपाडा
२० डिसेंबर १९९१

चि. मालन हिस,

अ. उ. आ. तुझ्या काकीचा एक खांदा सुजलाय, बाकी आम्ही दोघं मजेत.

देवीला नेमकी सोळा डिसेंबरलाच शीव का आठवली, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. पण पालखीला नाही म्हणायची आपल्या घरात पद्धत नाही, हे तुम्हा दोघींना बरोबर ठाऊक होतं. आलो. आबांनी डोक्यावर लाल टोपी घातली. दांडा उजव्या खांद्यावर घेतला. मागं तुझे बाबा. गेटात शिरलो तोवर मी नुसता भोईरांचा थोरला होतो.

मग मैदानात खुर्च्यांवर ते सगळे दिसले. माझ्याच वयाचे, कोणाची काठी, कोणाचा जाड चष्मा, आणि प्रत्येकाच्या छातीवर पदकं. मला लाज वाटली, लपवत नाही. मान वळवून बघितलं तर पालखीत तीच तीन पदकं, कुंकू लागलेली, उन्हात चमकत होती. इतकी वर्षं मी देवीला नमस्कार केला तो तिच्या पायांकडे बघून. गळ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात तुझी ऑर्डर आली. पोटातून दिलीस, शाबास. सगळे हात एकदम वर गेले आणि खुर्च्यांवरची ती म्हातारी माणसंही उठून उभी राहिली. पोरी, आख्ख्या नोकरीत मी एक सॅल्यूट न फेडता ठेवला नाही. आणि इथं माझा उजवा हात दांड्यावर. दांडा सोडला तर देवी कलंडणार. मी घामाघूम झालो.

तेव्हा खांद्यावरचं वजन एकदम गेलं. बघतो तर तुझी काकी पदर खोचून दांड्याखाली घुसलेली. म्हणाली, तुमचं तुम्ही करा, मी धरते. बाईनं पालखीला खांदा दिल्याचं आपल्या गावात कोणी पाहिलेलं नाही. मी आबांकडे बघितलं. आबा चिंचेच्या झाडाकडे बघत होते, फार लक्ष देऊन.

मग मी सॅल्यूट केला. सावकाश, नीट, बोटं टोपीला लावून. तू हात खाली घ्यायची ऑर्डर द्यायला उशीर केलास. तुझे डोळे भरले होते हे मला दिसलं, पण परेडवर ते चालत नाही, पुढल्या खेपेला लक्षात ठेव.

शाल आबांनी देवीला पांघरली आणि नारळ तिथंच फोडून तुझ्या पथकाला वाटला, हे तू पाहिलंसच. नंतरचं तुला ठाऊक नाही. बसमध्ये तुझी काकी खिडकीकडे तोंड करून म्हणाली, मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं हो, ती जन्मभर लावतात म्हणून. मी म्हटलं, तू धरून राहिलीस म्हणून मी लढाईतून परत आलो, पदकं कुठंही असू देत. मी फौजेत गेलो तेव्हापासून तिनंच धरलं होतं गं, घर, शेत, तुझे बाबा लहान होते ते, सगळं. फक्त ते बघायला मी गावात नव्हतो. सोळा तारखेला पाहिलं.

तिच्या खांद्याला रोज रात्री तेल मी चोळतो. आबांचा निरोप आलाय, चैत्रात पहिल्या खांद्याला भोईरांची दोघं यावीत. काकी निरोप ऐकून लाजली आणि लगेच विचारायला लागली, की कोणतं लुगडं नेसू.

तुझ्या बाबांना सांग, त्या दिवशी गेटवर मी नव्हतो तरी कारखाना जागेवर होता. घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद, आणि तुला एक सॅल्यूट. हा पत्रातला असला तरी कडक आहे.

तुझा,
दामाजीकाका